सुपरहिरोंच्या सिनेमाचं संगीत लक्षात का राहत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: मार्व्हल या अमेरिकन कंपनीचे जवळपास सगळे सुपरहिरो सिनेमे पाहिले, पण एकाचीही धून गुणगुणता येत नाही, उलट लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या सुपरमॅनची अजून आठवते. मग आताचं पार्श्वसंगीत टाकाऊ असतं, की आपलंच लक्ष नसतं?

दोन्ही नाही, असं माझं मत. संगीतकार बरे असतात आणि प्रेक्षकाचे कानही शाबूत असतात. पण धून डोक्यात बसायला जी जागा लागते, ती सिनेमावाल्यांनी काढून घेतली आहे. काही जणांनी तरीही ती मिळवली, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. सोलापुरात बँड पार्टीत कीबोर्ड वाजवतो. लग्नसराईत वराती आणि हॉलमधल्या एन्ट्र्या, गणपतीत मंडळांची कामं, अधूनमधून ऑर्केस्ट्रा. धून लोकांच्या डोक्यात बसलीय का हे आम्हाला फार लवकर कळतं. बसलेली असेल तर ट्रम्पेटवाल्याने पहिला तुकडा उचलायच्या आत पोरांचे हात वर जातात. नसेल तर नवरदेवाचा मामा जवळ येऊन म्हणतो, "ओ मास्तर, काहीतरी ओळखीचं वाजवा की."

आता होटगी रोडकडच्या लॉनवर नवरदेवाच्या एन्ट्रीला इंग्रजी सिनेमाचं म्युझिक मागायची पद्धत पडलीय. मागणी येते ती ॲव्हेंजर्सची, म्हणजे मार्व्हलचे हिरो एकत्र येतात त्या सिनेमांची. कधी एखादा हौशी बॅटमॅनचं मागतो, तोही मोबाईलवर रील दाखवून. थॉरचं वाजवा, आयर्न मॅनचं वाजवा, असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही. या दोघांचे चाहते कमी आहेत म्हणून नव्हे. आमच्या गल्लीत निम्म्या पोरांच्या टी-शर्टवर आयर्न मॅनच असतो. म्हणजे माणूस लक्षात आहे, सूर नाहीत.

जुन्यांपासून सुरू करू. 1978 च्या सुपरमॅनला जॉन विल्यम्सचं संगीत. ती धून म्हणजे सरळ लष्करी मार्च, पितळी वाद्यांसाठीच जन्मलेली. षड्ज-पंचमाच्या मोठाल्या उड्या, आणि शेवटचे तीन ठोके असे की त्यावर 'सु-पर-मॅन' हे नाव बरोब्बर बसतं. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या सिनेमाच्या सुरुवातीला नामावली काही मिनिटं चालते आणि तेवढा वेळ पडद्यावर नावं उडत येण्यापलीकडे काही घडत नाही. ना संवाद, ना स्फोट. प्रेक्षकाला कथा सुरू व्हायच्या आधीच धून पूर्ण पाठ झालेली असते. मग पुढे तिचा नुसता तुकडा वाजला तरी पुरतो.

1989 च्या बॅटमॅनमध्ये डॅनी एल्फमननेही असंच केलं. हा माणूस रॉक बँडमधून आलेला, संगीताचं रीतसर शिक्षण नाही. त्याचा बॅटमॅन पाच सुरांत मावतो: सा रे ग ध प, त्यातले ग आणि ध कोमल. घरात पेटी असेल तर आत्ता वाजवून बघा. सा-रे-ग सरळ चढायचं, तिथून कोमल धैवतावर उडी मारायची आणि लगेच पंचमावर उतरायचं. सगळा अंधार त्या ध वरून प वर उतरण्यात आहे. धैवतावर जरा जास्त थांबलात तर करुण होतं, पटकन उतरलात तर धाक वाटतो. आपल्या कानाला कोमल ग-ध आसावरी-दरबारी या रागांतून ओळखीचे, त्यामुळे आमच्या क्लॅरिनेटवाल्या काकांनी, ज्यांनी बॅटमॅन नावाचा प्राणी जन्मात पाहिला नव्हता, हे पाच सूर एकदा ऐकून उचलले आणि वर "हे आपल्याकडचंच आहे" असंही सांगून टाकलं. मी वाद घातला नाही.

मग 2005 मध्ये हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड आले आणि त्यांनी बॅटमॅनला फक्त दोन सूर दिले. सा आणि कोमल ग. बस. खाली तंतुवाद्यांचं एकसारखं घोळवणं, वर हे दोन सूर येतात आणि धून आता पुढे जाईल असं वाटेपर्यंत संपतात. हे आळशीपणाने केलेलं नाही. नायक अजून पूर्ण घडलेला नाही, म्हणून धूनही पूर्ण द्यायची नाही, हे त्यातून स्वच्छ ऐकू येतं. याच बॅटमॅनच्या 2008 च्या डार्क नाइटमध्ये जोकर या खलनायकासाठी तर जवळजवळ एकच सूर आहे, चेलोवर (व्हायोलिनच्या थोरल्या भावावर) हळूहळू वर ताणत नेलेला. ऐकताना दात शिवशिवतात. सिनेमात हे अफाट काम करतं. वरातीत मात्र याचं काही होत नाही. ट्रम्पेटवर दोन सूर वाजवून थांबलात की लोकांना वाटतं याच्या वाद्यात काहीतरी अडकलं.

झिमरच्या यशानंतर सगळ्यांना तेच हवं झालं: धून नको, घुमणं पाहिजे. पण झिमरच्या दोन सुरांमागे विचार होता. नक्कल करणाऱ्यांकडे बऱ्याचदा नुसतं घुमणं राहिलं.

मार्व्हलच्या अडचणी आणखी वेगळ्या. पहिली म्हणजे दर सिनेमाला माणूस बदलतो. आयर्न मॅनचे तीन सिनेमे: 2008 ला रामिन जवादी, 2010 ला जॉन डेब्नी, 2013 ला ब्रायन टायलर. थॉरचं तेच: पॅट्रिक डॉयल, मग टायलर, मग मार्क मदर्सबॉ, चौथ्याला मायकेल जाकिनो आणि नामी मेलुमाद. प्रत्येक जण आपली पाटी घेऊन येतो आणि आधीच्याची पुसतो. मुलाचं नाव दर वर्षी बदललं तर शेजारी कसं लक्षात ठेवणार?

दुसरी अडचण संकलनाच्या टेबलावर होते. संगीत तयार व्हायच्या आधी संकलक दुसऱ्या सिनेमांचं संगीत तात्पुरतं चिकटवून ठेवतो. दिग्दर्शक महिनोन्‌महिने तेच ऐकतो, त्याच्या कानाला ते चिकटतं, आणि शेवटी संगीतकाराला सांगतो, असंच काहीतरी दे. आम्हाला हे फार ओळखीचं आहे, पार्टी येते ती रील घेऊनच येते आणि म्हणते, "सेम हेच, पण जरा वेगळं." यातून निघणारं संगीत चुकीचं नसतं, पण ते कुणाचंच नसतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: सुरुवातीची नामावलीच गेली. सगळी नावं शेवटी. सिनेमा थेट मारामारीत सुरू होतो, त्यावर संवाद, त्यावर विनोद, त्यावर काच फुटण्याचे आवाज. धून असली तरी ती या ढिगाखाली. हिंदी डबमध्ये संवाद बदलतात, संगीत तेच राहतं. पण पात्रं सतत बोलत असतात, त्यामुळे पाहणाऱ्याचा कान संवादालाच बांधलेला.

संगीतकाराचा यात दोष नाही याचा माझ्याकडे एक पक्का पुरावा आहे. आयर्न मॅनवाला रामिन जवादी म्हणजे तोच, ज्याने 2011 पासून गेम ऑफ थ्रोन्स केलं. ती धून जगभर लोक गुणगुणतात, आमच्याकडेही एन्ट्रीला मागणी येते. माणूस तोच. फरक इतकाच की त्या मालिकेत प्रत्येक भागाला दीड-एक मिनिटाचं शीर्षक होतं आणि तेवढा वेळ कुणी मध्ये बोलत नव्हतं.

मग ॲव्हेंजर्स कशी बसली? ॲलन सिल्वेस्ट्री हा जुन्या वळणाचा माणूस, धून म्हणजे धून असं मानणारा. बॅक टू द फ्यूचर त्याचाच. 2012 च्या पहिल्या ॲव्हेंजर्समध्ये ते सहा जण न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गोल करून उभे राहतात आणि कॅमेरा भोवती फिरतो, तिथे कुणी बोलत नाही. ती धून तिथे रुजली. मधल्या 2015 च्या भागाला टायलर आणि एल्फमन होते, पण त्यांनीही सिल्वेस्ट्रीची धून टाकून दिली नाही. मग 2018 ला तो स्वतः परत आला आणि 2019 च्या एंडगेममध्ये त्याने तिची वसुली केली. कॅप्टन अमेरिका तुटकी ढाल घेऊन एकटा उभा, मागे एक एक करून दारं उघडतात, आणि संगीत घाई करत नाही. हळू सुरू होतं, थर चढत जातात, आणि मुख्य धून फुटते ती ऐन शेवटी. एप्रिलच्या उन्हात दुपारचा खेळ बघायला गेलेलं आमचं टोळकं धून फुटायच्या आधीच ओरडायला लागलं होतं. "आलं बे, आलं!" म्हणजे पुढे काय वाजणार हे त्यांना माहीत होतं. लक्षात राहणं म्हणजे दुसरं काय?

आता ब्लॅक पँथरबद्दल जरा सैल हाताने लिहितो, कारण माझा जीव त्यात अडकलाय. 2018 चा सिनेमा, संगीत लुडविग योरान्सनचं, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. हा स्वीडनचा माणूस आधी सेनेगलला गेला, बाबा माल या गायकाच्या दौऱ्यात त्याच्याबरोबर फिरला, आणि तिथून 'तामा' घेऊन आला. तामा म्हणजे डमरूच्या आकाराचं वाद्य. काखेत धरायचं, कडेच्या दोऱ्या दंडाने दाबायच्या, की चामडं ताणलं जाऊन सूर चढतो. दुसऱ्या हातात वाकडी काठी. त्यामुळे ते बोलल्यासारखं वाजतं, आणि सिनेमात ते नायकाचं, म्हणजे राजाचं, नाव उच्चारतं: टि-चा-ला.

हे ऐकल्यावर सोलापूरच्या माणसाला चौंडकं आठवलं नाही तर नवल. यल्लम्माचे जोगती दारात येतात तेव्हा त्यांच्या काखेत हेच असतं. लाकडी नळकांडं, एका तोंडाला चामडं, मधून निघालेली तार दुसऱ्या हातात. तार ताणली की 'ट्यांव' करून सूर वर जातो, सोडली की खाली. रचना वेगळी, पण युक्ती तीच: ताण बदलून तालवाद्याला बोलायला लावायचं. मी एकदा ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) तामाचा आवाज शोधत बसलो होतो, मिळेना; शेवटी चौंडक्याचा नमुना थोडा खाली उतरवून लावला आणि काम भागलं. सांगायचा मुद्दा, योरान्सनची धून लक्षात राहते ती सुरावटीमुळे कमी आणि त्या वाद्याच्या आवाजामुळे जास्त. गर्दीत ओळखू येणारा आवाज असला की धून छोटी असली तरी चालते. आपल्याकडे तुळजापूर इतकं जवळ असताना संबळ-चौंडक्यावर उभा राहिलेला सुपरहिरो अजून कुणी का केला नाही, हे मला कोडं आहे.

आपल्या सुपरहिरोंचं गणितच निराळं, कारण आपल्याकडे गाणं असतं. दूरदर्शनवरच्या शक्तिमानचं शीर्षकगीत माझ्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. मिस्टर इंडियाला (1987) लक्ष्मीकांत-प्यारेलाल. गाणी तोंडपाठ, पार्श्वसंगीत कुणाला आठवत नाही. 2024 ला तेलुगूतला हनुमान आला, आणि आमच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं आठवडाभर त्यातलंच काहीतरी लावून फिरत होती. शब्द असले की स्मरणाचं अर्धं काम तिथेच होतं. गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीने (2014) हेच हेरलं: सत्तरच्या दशकातली गाणी वापरली, ती लोकांच्या ओठांवर बसली, आणि टायलर बेट्सचं पार्श्वसंगीत मागे राहिलं.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात मला पटत नाही. गुणगुणता येत नाही म्हणजे संगीत फसलं, असं धरू नका. 2019 च्या जोकरला हिल्दुर गुद्नादोत्तिर या आइसलँडच्या बाईंनी संगीत दिलं आणि ऑस्कर घेतलं. त्यांनी पटकथा वाचूनच चित्रीकरणाआधी चेलोवर रचना करायला घेतली होती. स्वच्छतागृहातला तो नाच आहे ना, तो वाकीन फीनिक्सने तेच संगीत ऐकून केला. त्यातलं मला एक ओळ गुणगुणून दाखवा म्हणालात तर दमछाक होईल. पण ते काढून टाकलं तर तो प्रसंग उभाच राहणार नाही. वरातीची कसोटी तिथे लावण्यात अर्थ नाही.

तुम्हाला खरंच कान लावायचा असेल तर क्रम असा ठेवा: आधी 1978 चा सुपरमॅन, मग एल्फमनचा बॅटमॅन, मग डार्क नाइट, मग ब्लॅक पँथर, हेडफोनवर, चित्र न बघता. आणि मार्व्हलचा पुढचा सिनेमा थिएटरात बघाल तेव्हा शेवटची नावं चालू असताना मोबाईल काढू नका. सगळे त्या नंतरच्या छोट्या प्रसंगाची वाट बघत व्हॉट्सॲप चाळत असतात, आणि नेमकी तिथेच संगीतकाराला अख्खी धून मोकळेपणी वाजवायला मिळालेली असते.