स्वतःची पीएमएस (पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस) काढायची म्हणतोस, तर आधी हे वाच

शेअर निवडता येतात म्हणून लगेच लोकांचे पैसे सांभाळायला निघू नकोस. बाजार नियामक सेबीच्या 2020 च्या नियमांनुसार पोर्टफोलिओ मॅनेजर कंपनीचं नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) किमान 5 कोटी लागतं, आणि प्रत्येक ग्राहकाकडून कमीत कमी 50 लाख घ्यावे लागतात. प्रिन्सिपल ऑफिसरला, म्हणजे गुंतवणुकीचे निर्णय घेणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला, या क्षेत्राचा निदान पाच वर्षांचा अनुभव हवा. त्यामुळे आधी कुठेतरी रिसर्चमध्ये नोकरी धर. वार्षिक अहवाल मागच्या पानांपासून वाचायची सवय लाव: नफा दिसतोय, पण रोकड येतेय का? ग्राहकांकडे थकलेली उधारी विक्रीपेक्षा वेगाने वाढतेय का? प्रवर्तकाच्या नातेवाइकांच्या कंपन्यांशी किती व्यवहार आहेत? अध्यक्षांचं भाषण नंतर वाचलं तरी चालेल.

फीचं गणित मात्र पक्कं हवं. समज, ग्राहकाचे 50 लाखांचे 60 झाले आणि तू नफ्यातला वाटा घेतलास. मग बाजार पडला, 52 वर आले, पुढे 58 झाले. या सहा लाखांच्या वाढीवर तुला एक रुपयाही वाटा मिळत नाही. 60 ओलांडल्यावरच मिळतो. याला हाय वॉटर मार्क म्हणतात. मला हा नियम अगदी रास्त वाटतो. पण मंदी लांबली तर ऑफिसचं भाडं, पगार, कम्प्लायन्सचा (नियमपालनाचा) खर्च थांबत नाही. म्हणून दोन वर्षांचा खर्च आधीच बाजूला काढून ठेव, आणि तो शेअरमध्ये गुंतवू नकोस.