चौदा वाक्यं कमी नाहीत

प्रिय मुली,

अकरा दिवसांचं शूटिंग, सगळी मिळून चौदा वाक्यं, बाकी वेळ नायिकेच्या मागे उभं राहायचं. हे घेऊ, की दमदार रोलची वाट पाहू, असं विचारतेस. वर दाखला देतेस कोरियन नट ली जंग-जेचा: त्याला तरी ४८ व्या वर्षी एका सिरीजने एका रात्रीत जगभर नेलंच ना?

एका रात्रीत नाही गं. ती सिरीज, 'स्क्विड गेम', १७ सप्टेंबर २०२१ ला आली तेव्हा कोरियात त्याला ओळखत नाही असं घर शोधावं लागलं असतं. आणि तो घराघरात पोहोचला तो नेमका तू नाकारायला निघालीस तसल्याच भूमिकेतून.

'सँडग्लास' ही मालिका. एसबीएस वाहिनी, १९९५, जानेवारी-फेब्रुवारी, २४ भाग, आठवड्यातून चार रात्री. प्रेक्षकांचा आकडा ६४.५ टक्क्यांवर गेला होता. लोक काम आटोपून घराकडे पळत, म्हणून तिला 'घरी परतायचं घड्याळ' असं नाव पडलं. त्यात जंग-जे कोण? नायिकेचा अंगरक्षक, बेक जे-ही. तोंडी मोजके शब्द. नायक दुसरेच दोघे. तरी अख्खा देश या मुक्या पोरावर जीव टाकून बसला. अंगरक्षकाला दुसरं काम काय असतं? ऐकायचं. खोलीत कोण काय बोललं, ते तिला लागलं का, आता पुढे व्हायचं की नाही. संवाद नसले की चेहऱ्याला लपायला जागा उरत नाही.

मला एवढंच सांगायचंय: ऐकायला शिक. बोलणं कुणालाही पाठ होतं.

त्याचा 'इल मारे' हा चित्रपट बघ, २००० चा. दोन माणसं, एक दुसऱ्याच्या दोन वर्षं पुढच्या काळात, आणि मध्ये पत्रं पोहोचवणारी एक पत्रपेटी. नायक-नायिका बहुतेक वेळ एका चौकटीत येतच नाहीत. समोर माणूस नसताना कागदाचं ऐकायचं. मग 'न्यू वर्ल्ड', २०१३. गुन्हेगारी टोळीत घुसलेला पोलीस त्याने केलाय. सगळी चमक टोळीवाला झालेल्या ह्वांग जंग-मिनला: तो हसतो, शिव्या घालतो, मिठ्या मारतो. जंग-जे बघत राहतो. टोळीत खबऱ्या आहे असा विषय निघाला, की पुढचं नाव आपलं येतंय का हे फक्त त्याच्या डोळ्यांवरून कळायचं, आणि तेही टोळीवाल्यांना न कळता. त्या वर्षी ब्लू ड्रॅगन या कोरियन चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटासाठी प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार ह्वांगला मिळाला. जंग-जेला त्याच रात्री मिळाला तो सहायक अभिनेत्याचा, 'द फेस रीडर'साठी. तिथे तो जवळपास तासाभराने पडद्यावर येतो. हाच पुरस्कार प्रमुख भूमिकेसाठी १९९९ सालचा त्याच्या घरी होताच. 'सहायक' म्हटल्यावर त्याचं काही झडलं नाही, आणि तू चौदा वाक्यं मोजत बसलीस!

असो. चिडून उपयोग नाही, कामाचं सांगतो.

प्रॉडक्शनवाले तुझ्या वाक्यांचं पान पाठवतील. ते पुरत नाही. पूर्ण सीन माग. दोन रंगांच्या पेन्सिली घे. निळ्याने तुझी वाक्यं, लाल रंग समोरच्याच्या वाक्यांसाठी. प्रत्येक लाल वाक्यात तुझं मन ज्या शब्दावर वळतं तो एकच शब्द गोल कर. 'बाबांनी घर विकलं, गेल्या महिन्यात' या वाक्यात वळण 'विकलं'वर आहे, 'महिन्यात'वर नाही. नवशिकी नटी वाक्य संपेपर्यंत थांबते आणि मग दचकते. एडिटरला कट हवा असतो 'विकलं'वर. तिथे तुझा चेहरा कोरा असेल तर तो दुसऱ्या कुणाचा लावतो. मग तू म्हणणार, माझे शॉट कापले.

घरी फोनवर सराव कर. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, चौकट छातीपासून वर, खिडकीचा उजेड समोरून. वाचणारी व्यक्ती लेन्सला खेटून उभी राहू दे आणि तिला हळू आवाजात वाचायला सांग, नाहीतर माइक तिचाच आवाज पकडतो. तीन टेक. पहिला नेहमीसारखा. दुसऱ्यात तुझी वाक्यं मनात म्हण, फक्त समोरची ऐकू येऊ देत. तिसऱ्यात तिने न सांगता वेग बदलायचा, मध्येच थांबायचं. नंतर तिन्ही टेक आवाज बंद करून बघ. बातमी कुठल्या क्षणी आत गेली ते दिसलं पाहिजे.

चुका ठरलेल्याच होतात. समोरच्याच्या वाक्याबरोबर आपले ओठ हलतात, कारण ते आपल्यालाही पाठ असतं. डोळे समोरच्याच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. क्लोजअपमध्ये ते अस्वस्थ दिसतं, म्हणून लेन्सजवळचा एकच डोळा धर. आणि मान! 'हो हो' करत मान डोलवायची सवय मोड. एका टेकला तीनदा हलवलीस, दुसऱ्याला एकदा, की दोन्ही टेक जुळत नाहीत आणि दोन्ही वाया. पेला हातात असेल तर कुठल्या शब्दावर उचलला ते लिहून ठेव. क्लोजअप समोरच्याचा असेल तेव्हाही क्यू, म्हणजे ज्यावर तो बोलणार ते तुझं वाक्य, पूर्ण जीव ओतून दे, मोबाइल बघत नको.

आपल्याकडच्या मालिकांत धक्का बसला की अख्ख्या कुटुंबाचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात. ते ऐकणं नव्हे, तो फोटो. दिग्दर्शक मागेल तर तोही दे, पण त्याला अभिनय समजू नकोस.

पैशाचं दोन ओळींत: दिवसाचा दर लेखी घे, आणि पैसे तीन महिन्यांनी येतात असं धरून घरभाड्याची सोय आधी कर.

लोक म्हणतात मी एकच तुणतुणं वाजवतो. वाजवतो. मोठ्या भाषणांच्या मागे लागून ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. ते काही मठ्ठ नव्हते. त्यात मी स्वतःलाही धरतो, त्याहून जास्त विचारू नकोस.

'स्क्विड गेम'चा सहावा भाग पुन्हा लाव, हिंदी डबिंग बंद करून, कारण डबिंगमध्ये श्वास नाहीसा होतो. गोट्यांचा खेळ, हरेल तो मरणार. म्हातारा विसरभोळा आहे असं धरून गी-हुन, म्हणजे जंग-जे, त्याला फसवत आलाय. म्हातारा शांतपणे विचारतो, मला फसवलंस ते बरोबर होतं का? आणि शेवटची गोटी स्वतःहून त्याच्या हातात ठेवतो. म्हाताऱ्याचं बोलणं सोडून दे, फक्त ऐकणाऱ्याकडे बघ. आधी लाज, मग सुटल्याची भावना, आणि सुटल्याचीच पुन्हा लाज. एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांच्या मंचावर सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्रजी नसलेल्या भूमिकेसाठी प्रमुख अभिनेत्याचा पहिला पुरस्कार त्याने घेतला, तो मला तरी या दोन-तीन मिनिटांचा वाटतो.

रोल घे. त्यांना आज रात्रीच कळव, नाहीतर उद्या दुसरी मुलगी उभी असेल. आणि रविवारपर्यंत तिसरा टेक पाठव, आवाज काढून. मान हललेली दिसली तर तिथेच बंद करीन.

तुझा,
सर