नुसता जाड पत्रा पुरत नाही

प्रश्न : कॅनडाच्या नौदलाची ‘हॅरी डिवुल्फ’ ही गस्ती नौका आर्क्टिकच्या बर्फातून जाते असं वाचलं. साध्या युद्धनौकेला जाड पत्रा लावला तर भागणार नाही का? आणि १०३ मीटर लांबीच्या जहाजावर एकच छोटी तोफ का?

उत्तर : जहाजावर इंजिनियर म्हणून पहिल्यांदा बाल्टिकच्या बर्फात गेलो, तेव्हा मलाही पत्र्याचीच काळजी होती. पत्र्याला काही झालं नाही. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्या गाळणीत बर्फाचा लगदा बसला आणि तापमानाचा काटा चढू लागला. रात्री झाकण उघडून, बोटं बधिर होईपर्यंत तो लगदा आम्ही बादल्यांनी उपसला. तेव्हापासून सांगतो, बर्फातलं जहाज मुळापासून बर्फासाठीच आखावं लागतं.

‘हॅरी डिवुल्फ’ नॉर्वेच्या ‘स्वालबार्ड’ या जहाजावर बेतलेली आहे. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बर्फावर चढते आणि जहाजाच्या वजनाखाली बर्फ वाकून तुटतो. त्याच वर्षी गोठलेला एक मीटर जाडीचा बर्फ ती ३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर वेगाने फोडत जाते. जुन्या बर्फाची गोष्ट वेगळी. उन्हाळे काढलेल्या बर्फातलं मीठ झिरपून जातं, तो वितळवून पिता येतो. पण मीठ गेलं की तो फार कडक होतो. अशा तुकड्याला वळसा घालणंच बरं. शिवाय मोकळ्या समुद्रात डोलणं कमी करणारे पंख तिला आहेत. बर्फात ते मोडतील, म्हणून पोटात ओढून घेता येतात. मला ही रचना फार आवडते.

तोफ २५ मिलिमीटरची आहे आणि माझ्या मते तेवढी पुरे. तिचं काम पाळत, गस्त आणि बचावाचं. २०२१ मध्ये तिने वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा आर्क्टिकमधला सागरी मार्ग, पार केला. कॅनडाच्या नौदलाचं जहाज तिथून त्याआधी १९५४ मध्ये गेलं होतं, ते ‘लॅब्राडोर’. अशा निर्जन पाण्यात कुणाचं जहाज बुडालं तर जवळ दुसरं कोण असणार? याच वर्गातल्या दुसऱ्या नौकेला मार्गारेट ब्रूक यांचं नाव दिलंय. त्या नौदलाच्या परिचारिका. १९४२ मध्ये ‘कॅरिबू’ ही प्रवासी बोट पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली, तेव्हा गार पाण्यात त्या सोबतच्या परिचारिकेला धरून राहिल्या होत्या. ती वाचली नाही.