इटालियन ‘जाल्लो’ थरारपटांच्या दुर्मीळ साउंडट्रॅकची नवी एलपी घ्यावी, की जुनी ओरिजिनलच शोधावी?

नवी घ्या. सत्तर युरो घालवून आलेलं शहाणपण आहे हे.

मी इटलीत तोरिनोला (ट्यूरिन) शिकायला होतो. दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोच्या ‘प्रोफोंदो रोस्सो’ या जाल्लोची (1975) कथा रोममधली, पण शूटिंग बरंचसं तोरिनोतलं. त्यातला तो कारंज्यांचा चौक माझ्या रोजच्या वाटेवर. मग एलपी हवीच ना! पुण्याला मामाला फोन केला. त्याच्याकडे दोन कपाटं भरून रेकॉर्डी. म्हणाला, “ओरिजिनलच घे. रिइश्यू, म्हणजे नव्याने काढलेली प्रत, म्हणजे शिळ्या कढीला ऊत.”

शनिवारी बलोनच्या जुन्या बाजारात एकाने ‘पहिलं प्रेसिंग’ (पहिल्या छपाईची प्रत) म्हणून माझ्या गळ्यात मारली. खोलीवर लावली. गोब्लिन या रॉक बँडचे भाग दणक्यात वाजले, पण संगीतकार गास्लिनीची ती लहान मुलाच्या आवाजातली अंगाई सुरू झाली आणि फोडणीत मोहरी पडावी तशी तडतड. खुनाआधीची शांतता त्या अंगाईत आहे हो! तीच गेली तर उरलं काय?

सुट्टीत पुण्याला नेली. मामा डोळे मिटून ऐकत होता. “बघ, हा गोडवा नव्यात येईल का?” मी रेकॉर्ड उचलून लेबलाजवळची कोरी पट्टी उजेडात धरली. इटलीच्या पुष्कळ जुन्या एलपींवर तिथे मास्टर (ज्यावरून प्रती छापतात ती मूळ तबकडी) कापल्याची तारीख कोरलेली असते. माझ्या प्रतीवर चित्रपटानंतर सहा वर्षांची निघाली. म्हणजे मामा ज्यावर डोलत होता तीही शिळी कढीच. “चष्मा सापडत नाही,” म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

बरं, ही एलपी दुर्मीळही नाही. इटलीत तेव्हा विक्रीच्या यादीत पहिली होती. खरी दुर्मीळ ती, ज्यांची जेमतेम दोन धुनांची 45 ची सिंगल (छोटी रेकॉर्ड) निघाली, किंवा तीही नाही. बाकीचं संगीत टेपांवर कपाटात पडून राहिलं. त्याची पूर्ण एलपी कधी निघालीच नाही, तर ओरिजिनल कुठून आणणार? तिथे नवी हीच पहिली. ज्यांना हे कळत नाही त्यांनी रेकॉर्डी जमवू नयेत, फुलदाण्या जमवाव्यात.

घेताना कव्हरवर एवढंच बघा: मूळ टेपवरून केलीय असं स्पष्ट लिहिलंय का. लिहिलं नसेल तर सोडा. रक्तासारखं लाल विनाइल, नंबर घातलेल्या मर्यादित प्रती, हे सगळं खिशावर डोळा ठेवून चाललेलं असतं.

हां, नव्यातही वाकडी किंवा खरखरणारी प्रत निघते, आणि भारतात मागवली तर कस्टमचा भुर्दंड वेगळा. पुढे विकायचा विचार असेल तर मात्र मामाचंच ऐका. जुन्या पहिल्या प्रतीला भाव राहतो. पहिली असेल तर.

माझी ती प्रत मामाने ठेवून घेतली. पाहुण्यांना अजून ओरिजिनल म्हणून दाखवतो.