चार्ट चोख, तरी काम मागे का?

प्रश्न : मी साइट इंजिनिअर आहे. बारचार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता) दर आठवड्याला सुधारते, तरी स्लॅब लांबतोच. संशोधन काय सांगतं?

उत्तर : ताई, ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकाम-नियोजनाच्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात बांधकामांची साप्ताहिक नियोजनं तपासली. ठरलेल्यातली जेमतेम निम्मी कामं वेळेत होत होती! त्यातून ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत आली : ज्यातले अडथळे दूर झालेत, तीच कामं आठवड्याच्या यादीत घ्यायची. समजा, सळई बांधली, पण विजेचे पाइप बाकी, ड्रॉइंग मंजूर नाही. मग तो स्लॅब त्या आठवड्याच्या यादीत घेऊच नका. यादी मुकादमासोबत बसून करा आणि त्याला ‘जमणार नाही’ म्हणू द्या. मला तरी यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण खरी अडचण त्यालाच आधी दिसते. राहिलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहा, माणसाचं नाव नको.