पावसाळ्यात वर्कबेंचचं प्लाय कडेने फुगतंय, काय लावू?
आधी कडा सील करा, कारण कापलेल्या कडेतून प्लाय सगळ्यात जास्त पाणी पितं आणि लोक नेमकं वरच पॉलिश मारून मोकळे होतात. पॉलिश पेपर मारून पीयूचा (पॉलीयुरेथेन, म्हणजे लाकडावरचं पारदर्शक कोटिंग) पहिला हात थिनर घालून पातळ द्या, तो आत मुरतो, मग वर दोन-तीन हात, स्क्रूची भोकं पण सोडू नका. आणि खालची बाजू नक्की करा हं, एकाच बाजूला कोटिंग असलं की फळी वाकते. आत्ता ओलं असेल तर मात्र थांबा, पूर्ण वाळल्यावरच लावा, नाहीतर ओल आतच कोंडते. फुगलेला भाग परत बसत नाही, तो कापूनच टाका. नवीन घेणार असाल तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) मार्कचं मरीन प्लायच घ्या, एमआर ग्रेड (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं) वॉटरप्रूफ नसतं.