खराब झालेले सोलर पॅनेल रिसायकल होतात का, की शेवटी भंगारातच जातात?

होतात, पण सर्किट बोर्डांतून सुटतो तसा पैसा त्यातून सुटत नाही, खरी अडचण तीच. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलच्या वजनात जवळपास ७५ टक्के काचच असते. ॲल्युमिनियमची चौकट आणि मागचा जंक्शन बॉक्स (वायरी जोडलेली डबी) चटकन निघतो. तेवढंच काढून बाकीचं फेकणारे बरेच, आणि हे थांबायलाच हवं. काच आणि सेल यांना ईव्हीए या चिकट प्लास्टिकचा थर इतका घट्ट धरून असतो, की तो सोडवायला सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं किंवा रसायनं लागतात. चांदी आणि सिलिकॉन त्याच्याच आत अडकलेलं. सेल जोडणाऱ्या सोल्डरमध्ये (डाग देण्याच्या धातूत) बहुधा शिसं असतं, म्हणून फोडून मातीत टाकू नका. फुटलेलं पॅनेलही उन्हात वीज देतं, तेव्हा काढण्याआधी जाड कापडाने झाका आणि अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.